काउंटरमागचा कठडा

इंग्लंडमधल्या बर्नली गावात बसच्या रांगेत हॅरॉल्डच्या मागे पब चालवणारं एक म्हातारं जोडपं उभं होतं. म्हातारा घुश्शात होता, आणि हॅरॉल्डला सगळं ऐकू येत होतं.

"काउंटरमागचं तळघराचं झाकण उघडं राहतं म्हणे, शिडी डुगडुगते म्हणे. दुरुस्ती होईपर्यंत खाली उतरायचं नाही, असं लिहून गेला कौन्सिलचा माणूस. मग बिअरची पिंपं बदलायची कशी?"

"बरोबरच लिहिलंय त्यानं."

"तक्रार कुणी केली ते मात्र सांगेना, आयव्ही. सापडू दे, जन्मात पबमध्ये पाऊल टाकू देणार नाही."

"सापडला की दे हाकलून."

"शिडीची तिसरी पायरी निसटते, हेही त्याला आधीच ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला कशी कळणार तिसरी पायरी?"

"मांजर बोललं असेल."

"मांजराला फोन लावता येत नाही. इकडे बघ, आयव्ही."

"वीस वर्षं मी घसा फोडून सांगतेय, नॉरिस. ऐकलंस? त्या कौन्सिलच्या पोराचं एका दिवसात ऐकलंस."

"त्यानं सहीशिक्क्याचा कागद दिला."

"म्हणून तर बोलावला. गुडघे बघ स्वतःचे. एक दिवस खालून धप्प आवाज यायचा, आणि मी वर ग्लास भरत असायची."

"उद्या सुतार येतोय. शिडी नवी, वर झाकणाभोवती कठडाही. तुझ्या कोपराएवढा उंच कर म्हटलंय त्याला."

"माझ्या कशाला?"

"मी वर येईपर्यंत तू तिथंच उभी असतेस ना. टेकायला काही नाही तुला."