अबोल्याचं व्याज

(बँकेचा काउंटर. काचेपलीकडे भाची, अलीकडे तिची शिवणकाम करणारी आत्या.)

आत्या : ते काही नाही. माझे सगळे पैसे काढ.

भाची : अगं, हळू बोल, साहेब बघतायत. झालं काय ते तरी सांग.

आत्या : तुझ्या बापाचा नवा टेम्पो बघितला. मागे तुमच्या बँकेचं नाव हे एवढं मोठं. कर्ज तुम्हीच दिलंत ना?

भाची : आता टेम्पोवरच रंगवलंय म्हटल्यावर मी काय लपवणार?

आत्या : आणि तुम्ही पैसे आणलेत कुठून?

भाची : लोक ठेवतात त्यातूनच. तू ठेवतेस, तो समोरचा इस्त्रीवाला ठेवतो. सगळे काही एकाच दिवशी काढायला येत नाहीत. मग थोडे हाताशी ठेवायचे, बाकीचे कर्जाऊ द्यायचे.

आत्या : म्हणजे माझ्याच पैशांवर टेम्पो मिरवतोय, आणि सात वर्षं माझ्याशी एक शब्द बोलत नाही.

भाची : तू तरी कुठे बोलतेस?

आत्या : माझं सोड. मला व्याज किती देता?

भाची : बचत खात्याला तीन टक्के.

आत्या : आणि त्याच्याकडून घेता किती?

भाची : अकरा.

आत्या : अगं बाई. मधले आठ जातात कुठे?

भाची : जागेचं भाडं, वीज, आमचे पगार. कुणी कर्ज बुडवलं तर ती खोट त्यातूनच भरायची. उरेल तो बँकेचा नफा.

आत्या : म्हणजे आम्ही भावंडं भांडतो आणि त्यावर तुझा पगार निघतो.

भाची : थोडासा. पण खरं सांगू? मला तो अबोला नको झालाय. सणसमारंभाला दोन घरी दोनदा जेवून माझं पोट बिघडतं.

आत्या : बहिणीकडे मागायची लाज वाटली त्याला. अकरा टक्के भरायची नाही वाटली.

भाची : मी विचारलं होतं बाबांना. म्हणाले, “ती बिनव्याजी देऊन टाकेल. मग मी तिच्याशी भांडू कुठल्या तोंडाने?”

आत्या : असं म्हणाला?

भाची : जेवताना. पुढे जेवलेच नाहीत नीट.

आत्या : लहानपणापासून असाच अर्धवट आहे.

भाची : मग काय, काढू पैसे?

आत्या : राहू देत. तुझा फोन दे जरा. माझं नाव दिसलं तर उचलायचा नाही.

भाची : घे. लागलाय.

आत्या : हॅलो... मी बोलतेय... हो, मीच... अरे नाही रे दादा, कुणी गेलं नाही. सगळे बरे आहेत. सहजच केला.