डाव्या चाकाचा नवा लायनर

— तर वाघच होता, साहेब! ह्या ब्रेक ऑइलच्या डब्यावर हात ठेवून सांगतो, एक शब्द खोटा नाय. दाबा पेडल. हां, धरून ठेवा — सोडा. अजून बुडबुडे येतात, नळीत हवा हाय. तुमी वर बसून दाबायचं, मी खाली झोपून हवा काढायची, अन् तेवढ्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गाडीचा डावा मडगार्ड कुठं चेपला होता, हेच ना? अन् काल तुमच्याकडे ड्रायव्हरकी मागायला आला तो विश्राम कसा, पितो का? दोन्हींचं उत्तर एकच. पाम गावच्या वळणावर, दुपारच्या उन्हात, वाघ — म्हणजे मी नाय बघितला, मी इथं बोईसरला गॅरेजातच होतो — पण लोकांनी पट्टे मोजले! बरं, वाघ नसेल. म्हैस होती. हसू नका, गाडी हलते, मी खाली हाय.

एशियाडच्या सालची गोष्ट. तेव्हा ही गाडी पामच्या अण्णांची. चिकूची वाडी, त्यात ही दोन सीटची विलायती स्पोर्ट गाडी, अन् चालवायला विश्राम — अण्णांना गियर जमायचा नाय, ते शेजारी बसून टोपी धरायचे. पुढच्या चाकांचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासपट्ट्या, इतके झिजले होते की रिबिटं ड्रमला घासायची. ब्रेक मारला की वाडीतले कावळे उडायचे. विलायती लायनर इकडं कोण देणार? ट्रकचा कापायचा, तासायचा, भोकं पाडून ब्रेकच्या शूवर बसवायचा — सगळेच करतात, चालतंय. डावीकडचा झकास बसला. उजवीकडच्याला भोक पाडताना — चिरला. दुसरा आणायला पालघरला कोण जातो? अण्णांना चार वाजता कोळगावला साखरपुड्याला पोचायचं. जुनाच परत लावला. एका चाकाला नवा, एकाला जुना — साहेब, हे अडाणी मिस्त्रीपण करत नाय. गाडी नव्या बाजूला ओढते, हातातून स्टेअरिंग हिसकावते. धरा, धरा! सोडू नका, मी हवा काढायचा निपल अजून आवळला नाय — हां. सोडा.

तर म्हैस — म्हैस पण नव्हती. पामचीच गोजराबाई होती, डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी, रस्त्याच्या डाव्या कडेला आली अन् पुढं पाय टाकला. विश्रामनं ब्रेक मारला तशी गाडी थेट बाईच्या अंगावर निघाली. त्यानं सगळा जीव लावून स्टेअरिंग उलटं ओढलं, बाई वाचली, गाडी पुढं मोरीच्या कठड्यावर, डाव्या अंगानं. अण्णांना खरचटलं पण नाय. विश्रामचा गुडघा फुटला.

मी सायकल मारत गेलो. गुडघ्याला पंचा बांधून बसला होता. मला म्हणतो, "नरहरीभाऊ, गाडी डावीकडं ओढली रे." रागानं नाय — मिस्त्रीला सांगतात ना, पुढच्या वेळी बघून ठेव, तसं. अण्णा वळले माझ्याकडे: "काय रे? चाक खोलून दाखव." अन् मी — मी त्याच्या तोंडाजवळ वाकलो, म्हटलं, "अण्णा, चाक काय खोलायचं? ताडीचा वास येतोय."

बस. तीन वर्षं झाली, त्याच्या हाती कुणी स्टेअरिंग दिलं नाय. वैतरण्याला रेतीच्या होडीवर पाट्या उचलतो, त्याच गुडघ्यानं. स्टेशनात दिसला तर विचारतो, "काय भाऊ, बरं हाय ना?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! दुसऱ्या दिवशी मी गुपचूप उजवीकडंही नवा लायनर घातला, अण्णांना म्हटलं, फुकट करतो, तुमचं नुकसान झालं. ते म्हणाले, "नरहरी, देवमाणूस रे तू."

काय बघता असे वाकून? दाबायचं थांबवलंत ते? उतरा मग. बोईसरात ज्याला विचाराल तो म्हणेल, विश्राम पितो — त्या सगळ्यांना मीच सांगितलंय. वाघ खोटा, म्हैस खोटी, त्यानं कुणाचं काय गेलं नाय. ताडी मी पाजली त्याला, ह्या तोंडानं. वास कसलाच नव्हता.

जा तुमी आता.