खालच्या पाटीचा प्लग

गंगव्वा : आधी हात धू. मग वहीला हात लाव.

नयना : धुतलेत आई. दयाच्या ऑफिसातले श्रीकांत अकराला येतायत, त्याची आभाळातले कण मोजायची पेटी आणि आकड्यांची वही दोन्ही न्यायला. त्याआधी एकदा बघून घेते.

गंगव्वा : बघ की. दया गेल्यापासनं मीच लिहिते, रोज सकाळी सहाला, त्याच्यासारखी. दुसरीपर्यंत शिकले, पण आकडा चुकत नाही माझा. तू सून सोळा वर्षं शिकलेली, तरी कुकरच्या शिट्ट्या चुकतात तुझ्या.

नयना : आई... सगळीकडे एकच आकडा आहे. सहा लाख बारा हजार चारशे अठरा. पाच महिने, पानामागून पान.

गंगव्वा : मग? तो म्हणायचा, अव्वा, जे दिसेल ते लिहायचं, मनाचं लिहायचं नाही. जे दिसलं ते लिहिलं.

नयना : पण रोज तोच आकडा कसा, असं वाटलं नाही तुम्हाला?

गंगव्वा : आंधळी समजलीस काय मला? दुसऱ्याच दिवशी कळलं. म्हटलं, वरनं यायचं थांबलं. मोजणाराच गेला, आता कुणासाठी येतील?

नयना : ते थांबत नाही हो कधी. आत्तासुद्धा तुमच्या तळहातातून सेकंदाला एखादा जातोय.

गंगव्वा : मला नको शिकवू. शेंगा सोलत बसलो की सांगायचा सगळं. लांब कुठं तरी तारा फुटतो, त्यातला एक कण धावत येतो, आणि आपल्या हवेला धडकला की तिथंच त्याचा चुरा. त्या चुऱ्यातनं पोरं जन्मतात. काय नाव त्यांचं?

नयना : पायॉन.

गंगव्वा : तेच. जन्मली की मेली. पण मरताना आपलं पोर मागं ठेवतात, ते खाली येतं. छतातनं, माणसातनं, सगळ्यातनं पार. शिशाची वीट मधे ठेवली तर बाकीची चिल्लीपिल्ली तिथंच अडकतात, हे मात्र जातं.

नयना : म्यूऑन. ती वीट तुम्ही एकदा लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवली होतीत.

गंगव्वा : सगळं लोणचं फेकून दिलं मेल्यानं. दोन किलो कैरी.

नयना : शिसं विषारी असतं, आई.

गंगव्वा : ठाऊक हाय. आठवड्यानं पुन्हा कैऱ्या आणून दिल्यान्. स्वतः चिरल्यान्. वाकड्यातिकड्या.

नयना : तो म्हणायचा, खरं तर म्यूऑनसुद्धा वाटेतच मरायला हवा. आयुष्यच तेवढं नसतं त्याचं. पण इतका जोरात पळतो, की त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा हळू चालतं, म्हणून पोचतो.

गंगव्वा : दयाबी पळतच होता की. घर, ऑफिस, पोरांच्या शाळांत जाऊन ही पेटी दाखवणं. त्याचं घड्याळ का नाही चाललं हळू? चव्वेचाळीस हे काय वय झालं? आज्यानं आधी जायचं, मग बापानं. आमच्या घरात वरची मी तशीच, आणि खालचा माझा पोरगा गेला.

नयना : आई, जरा सरका. मागे बघू द्या.

गंगव्वा : पेटी हलवू नको. जागा बदलली की आकडे बिघडतात म्हणायचा.

नयना : हलवत नाही. वायरी बघते... दोन पाट्या कण टिपतात ना, त्यातल्या वरच्या पाटीचा दिवा लागलाय. खालच्या पाटीचा नाही.

गंगव्वा : मग नुसती वरची काय कामाची? एकटीनं काही पाहिलं तर ते धरायचं नाही. दोघींनी एकाच वेळी पाहिलं तरच कुणी तरी गेला म्हणायचा.

नयना : म्हणूनच आकडा अडकला. खालचा प्लग निघालाय.

गंगव्वा : कुणी काढला?

नयना : मी.

गंगव्वा : कधी?

नयना : त्या दिवशी. दुपारी ती विजेवरची बर्फाची पेटी आली ना, दयाला ठेवायला. निपाणीहून आप्पाजीमामा येईपर्यंत. हॉलमधल्या दुसऱ्या सॉकेटपर्यंत तिची वायर पोचत नव्हती. मी हा प्लग ओढला आणि तिथं ती वायर लावली. नंतर विसरले. पाच महिने मी या कोपऱ्याकडे बघितलंच नाही, आई.

गंगव्वा : पाच महिने मी रोज सकाळी आभाळाला शिव्या घालत होते. आणि प्लग तू काढलेलास.

नयना : हो.

गंगव्वा : ...काढला नसतास तर त्याच्या मामाला तोंड तरी दिसलं असतं काय त्याचं. उन्हाळा होता. बरं केलंस.

नयना : आता लावू?

गंगव्वा : नको.

नयना : श्रीकांत म्हणतील, पेटी बिघडलीये. वही टाकून देतील.

गंगव्वा : टाकू देत. लावलास की हा आकडा जाईल. हा आकडा पडला तेव्हा तो या घरात होता. झाकलेला होता, पण होता. पुढचा आकडा त्याच्याविना पडणार.

नयना : पाच महिने वर काहीच झालं नाही, असं म्हणेल ही वही. त्याच्या वहीत खोटं राहील.

(गंगव्वा वही जवळ ओढते, पानावरून बोट फिरवते आणि नयनापुढे सरकवते.)

गंगव्वा : वहीत कडेला लिही. प्लग निघाला होता. घरात मयत होतं.

नयना : लिहिलं.

गंगव्वा : आण इकडं ती वायर. मी लावते. सरी, झालं बघ. लागला दिवा?

नयना : लागला.

गंगव्वा : आकडा हलला नाही.

नयना : थांबा. दोन्ही पाट्यांतून जाणारा आला की वाजेल. आठ-दहा सेकंद लागतात कधीकधी.

गंगव्वा : ...हं. वाजलं बघ.

नयना : वाजलं. घ्या पेन, लिहा तुम्ही.

गंगव्वा : तूच लिही. मला आत्ता दिसेना.