प्रत्येक धड्याआधी गणपती

आमच्या सुन्याची गंमत ऐका. सुरतेत आम्ही लूमवाल्यांसाठी, म्हणजे कापडाचे माग चालवणाऱ्यांसाठी, हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवायचो. त्याच्या हेल्पमध्ये, म्हणजे मदतीच्या पानांत, शिकवणीचे व्हिडिओ टाकायचं ठरलं आणि शूटिंग दिलं गोडादऱ्याच्या सुन्याला. हा लग्नाचे व्हिडिओ काढणारा.

व्हिडिओ टाकले आणि हेल्पची फाइल बनता बनेना. एक शब्द सुधारला तरी सगळे व्हिडिओ पुन्हा फाइलीत भरत कॉम्प्युटर दुपारभर दळत बसायचा. शेवटी मी व्हिडिओ उघडून पाहिले. प्रत्येकाच्या सुरुवातीला गोल फिरणारा गणपती, वरून फुलं, मागे सनई!

"सुन्या, बिल कसं काढायचं एवढंच दाखवायचं होतं ना?"

"मग शुभ काम गणपतीशिवाय सुरू करू का, भाऊ?"

गणपती कापतो म्हटलं तर आमचे कंपनीचे शेठ घाबरले. "ना ना, गणपती नाही कापायचा!"

मग मी सगळे व्हिडिओच फाइलीबाहेर काढले, सीडीवर वेगळे ठेवले आणि हेल्पमधून नुसते जोडले. चहा संपायच्या आत फाइल तयार!

थोड्या दिवसांनी कडोदऱ्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मी खुशीत विचारलं, "हेल्प पाहिली का?"

"पाहिली ना! फारच सुंदर. पोरीचं लग्न आहे, त्या शूटिंगवाल्याला पाठवा."