साहेबांना ऐकू जाईल असा कीबोर्ड

...म्हणजे काम नुसतं करून भागत नाही, ते वाजायला लागतं! तुम्हाला सांगतो, आमचे साहेब काचेच्या केबिनमध्ये डोळे मिटून बसतात आणि कानांनी हजेरी घेतात. माझी बोटं हलकी, माझा कीबोर्ड मऊ, तर मला बोलावून म्हणतात कसे, "तुमच्या टेबलावरून काही आवाज येत नाही हो... तब्येत बरी आहे ना?" आणि शेजारचा तो दोनबोट्या, दिवसभरात एक पत्र लिहितो, पण असा बडवतो, असा बडवतो की बढती त्याला! माझी दहा वर्षं पाण्यात. तेव्हाच ठरवलं, असा कीबोर्ड घडवीन की साहेबांच्या दाढा हलतील. ऐक म्हणावं आता!

तयार मिळतात हो, पण तयार मालात एवढा राग कुठून असणार? मी नकाशा स्वतः काढला, पेटी पोलादाची कापून घेतली, आवाज मारणारं रबर, फोम, जे काही घालतात ते सगळं वगळलं. बटणांखालचे खटके एकेक कानाशी धरून निवडले, सत्त्याऐंशी! बायको म्हणाली, "कानाशी काय धरताय, ते बोलणारेत का?" म्हटलं, बोलणारच आहेत, साहेबांशी. ऐक म्हणावं आता!

तीन रविवार जेवणाच्या टेबलावर मान मोडून सोल्डरिंग केलं, घरचे मांडीवर ताटं घेऊन जेवले. शेवटचा खटका लावला, स्पेसबार बसवायला घेतला, तर त्याच्याखालची तार डबीतच! आणि ती आधी अडकवायची असते, खटके नंतर. म्हणजे आता सत्त्याऐंशीच्या सत्त्याऐंशी उखडा. सासरे म्हणाले, "जावईबापू, एका तारेवाचून काय अडतंय?" अहो, तिच्यावाचून स्पेसबार एका अंगावर कलतो, मिळमिळीत वाजतो. मला दोन शब्दांमधली रिकामी जागासुद्धा साहेबांच्या कानात घालायची होती. उखडले. बोटं भाजली. पुन्हा लावले.

सोमवारी ऑफिसात नेला आणि नुसती तारीख टाकली, तर दोनबोट्याचा चहा सांडला, पलीकडची टायपिस्टबाई उठून उभी राहिली, आणि केबिनचं दार उघडलं. म्हटलं, आले! ऐक म्हणावं आता! साहेब समोर उभे, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "वा! याला म्हणतात काम!" माझं टेबल थेट त्यांच्या दाराशी. मी चाचरत विचारलं, "साहेब, बढतीचं..." तर म्हणाले, "छे छे, तुम्हाला वर पाठवलं तर इथे वाजवणार कोण?"

आता त्या आवाजावर त्यांना गाढ झोप लागते. मी क्षणभर थांबलो की दचकून उठतात, "काय झालं, काम का बंद पडलं?" माझं काम दुपारीच संपतं, तरी पाचपर्यंत बडवत बसतो, हाताला येईल ते. काल राजीनामा टाइप केला, चाळीस वेळा. साहेब म्हणाले, बऱ्याच दिवसांनी इतकी छान झोप लागली.