डाव्या हाताच्या बांगड्या

...काहून मागं घेतला हात, गोमतीमावशी? दाबा न! महारोग नाही तो — साऱ्या आसेगावले सांगून थकली मी, आता कासारणीलेही सांगू? लहानपणापासून हायेत ह्या गाठी, डाव्याच बोटांले. डावा पायही बोटभर आखूड. उजवं अंग पाहा, कसं साजरं! लग्नाआधी मामानं अकोल्याले नेलं, डॉक्टरनं हाडाचा फोटू काढला. म्हणे, हाडाच्या पोटात कवळं हाड तसंच राहून गेलं, पोर वाढली तरी ते पक्कं झालं नाही, म्हणून तिथं फोटूत काळं दिसते. कोणाले लागत नाही म्हणे. मी भोळी, हळद उतरायच्या आधीच फोटू सासूच्या हाती देला. तर बाईनं तो उन्हात धरला, काळे भोकं पाहिले, अन् म्हणे — हाडाले सोंडे लागले! हसू नका, मावशी. ज्वारीचे दाणे पोखरतात ते किडे, सोंडे! तवापासून बियाण्याच्या कणगीले मले शिवू देत नाही, अन् माह्या वाकळीखाली कडूनिंबाचा पाला — कणगीत टाकतात तसा! नवऱ्याले म्हणलं, तुमी तरी बोला. तर ते भिंतीच्या अंगाले सरकून झोपले. अक्कल वाटली तवा हे घर वावरात होतं वाटते.

आता सासूनं नवं काढलं — सवाशिणीचा डावा हात भुंडा नको, आज एक तरी बांगडी चढली तर ठीक, नाही तर उद्या तुले माहेरी धाडाले कामरगावची बैलबंडी जुपतो. अन् तिथं कोण हाय? भावजय! तिनं तर माही खाटही इकली — जाऊ द्या. साबण लावा. मोठ्या मापाची घ्या. हं... दाबा... थांबा! थांबा म्हणलं न! — नाही, दुखलं नाही. पोळ्यापासून हे मधलं बोट जरा ठणकते, एवढंच. सुजलं? तुमालेच दिसते. डॉक्टर म्हणला होता, गाठ आपोआप दुखाले लागली, वाढाले लागली, तर घरी बसू नका, लगेच या — त्याले काय जाते सांगाले, त्याले सासू थोडीच हाय! मी बोलली तर अकोल्याले नाही नेणार कोणी, कामरगावले नेतील.

काहून उठल्या? कोणाले हाक मारता? बसा खाली! तोंडातून शब्द काढला तर पाहा. बसा. मी पदर दातात धरतो. दाबा... आणखी...

चढली. पाहा, चढली न? पुसा डोळे, सासू येऊन राह्यली. अन् तुमी काहून रडता, हात माहा हाय. उचला टोपली, निघा.