वरपित्याचे अकरा नियम

...आणि एक कोळंबी, तुम्हाला सांगतो, एक! वाटीभर नाही, मूठभर नाही, एक कोळंबी मागितली होती देवदत्तनं, तीही शेपटीकडून करपलेली, कुणाच्या पानात पडली असती तर त्यानं मांजरापुढे टाकली असती अशी, आणि ती दिली नाही हो! कुणी? शत्रूनं? अहो, शत्रूनं दिली असती! सुश्रुतनं नाही दिली. सुश्रुत म्हणजे कोण, तर चाळीस वर्षांचा मित्र, किहीमच्या शाळेत एका बाकावर बसून ज्यानं देवदत्तच्या वहीतून भूगोल उतरवला, आणि शेवटी झालं काय, तर ज्याला भूगोल येत होता तो भूगोलाचा मास्तर झाला आणि ज्याला येत नव्हता तो दातांचा डॉक्टर होऊन अलिबागला दवाखाना टाकून बसला. आहे की नाही न्याय?

आता कोळंबी का मागावी लागली? थीम! ही थीमची साथ सुश्रुतनंच आणली. झालं काय, की मुंबईची मंडळी शनिवारी-रविवारी इथल्या बंगल्यांवर येतात, त्यातल्या एकाची दाढ दुखली, सुश्रुतनं ती काढली, आणि दाढेबरोबर हे थीमचं खूळही काढून घरी आणलं! मित्रांना साधं जेवायला बोलवायचं नाही म्हणे, थीम हवी! पहिली थीम विमानाची. दोन-दोन खुर्च्यांची रांग, आणि सुश्रुतची बायको तेजस्वी दवाखान्यातली औषधांची ट्रॉली ढकलत, "सर, व्हेज की नॉनव्हेज?" बँकेतल्या हर्षदनं खिडकीची जागा मागितली तर त्याला खरंच खिडकीकडे तोंड करून बसवला, खिडकीबाहेर शेजाऱ्याचा रेडा, आणि दोघं एकमेकांकडे बघत रवंथ करतायत. इथवर ठीक होतं. इथवर देवदत्तही हसला.

दुसरी थीम तुरुंगाची. चिठ्ठ्या टाकल्या. हर्षद हवालदार, बायका फौजदार, सुश्रुत स्वतः जेलर, आणि कैदी? एकच कैदी! देवदत्त! त्याला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा चढवला, गळ्यात पाटी अडकवली, 'कैदी नंबर सत्तावीस', आणि पडवीच्या जाळीच्या दाराआड बसवलं. जाळीबाहेर कोळंबीचा पुलाव, वाफ येतेय, वर अलिबागचा पांढरा कांदा गोल चिरून ठेवलेला, आणि जाळीच्या आत पातळ डाळ आणि अर्धा पाव. डाळ किती पातळ? ताटलीत डोकावलं तर छतावरचा पंखा दिसत होता, आणि खोटं सांगत नाही, पंख्यावरची पालसुद्धा! देवदत्तनं जाळीतून हात बाहेर काढला. म्हणाला, "अरे सुश्रुत, एक कोळंबी तरी दे." आणि सुश्रुत, तोंडात घास, मिशीला मसाला, काय म्हणाला माहीत आहे?

"थीम म्हणजे थीम!"

आणि फोटो काढला. नुसता काढला असता तर चाललं असतं हो, तो सगळीकडे पाठवला! सोमवारी देवदत्त वर्गावर गेला, हजेरी घेतोय, चोवीस हजर, पंचवीस हजर, सव्वीस हजर... आणि अख्खा वर्ग खोकायला लागला. तेव्हापासून तुम्हाला सांगतो, हा माणूस सव्वीसवरून एकदम अठ्ठावीसवर उडी मारतो, आणि सत्तावीस नंबरचा पोरगा बिचारा रोज पहिल्या बाकावर बसून वर्षभर गैरहजर आहे!

मग पेटला देवदत्त. संध्याकाळी वाडीत बसून सुपाऱ्या सोलायचा, पण सुपारी सोलतोय असं त्याला वाटतच नव्हतं, सुश्रुत सोलतोय असं वाटत होतं. एकेक साल निघालं की "हं!" करायचा. अशी चार पोती सुपारी सोलून झाली, आणि पाचव्या पोत्याला कल्पना सुचली. धावत घरात गेला, कपाटातून स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढला, आणि एका फोटोवर बोट ठेवलं. फोटोत आश्लेषाचे, म्हणजे त्याच्या बायकोचे वडील, डोक्यावर टोपी, हात जोडून, कमरेत वाकून उभे, आणि समोर खुर्चीत देवदत्तचे वडील, तोंड फिरवून, रुसलेले! कशावरून रुसले? मठ्ठ्यात मीठ कमी!

"सापडली!" देवदत्त ओरडला. "थीम सापडली! विहिणीची पंगत! जुनं लग्न! मी वरपिता, आणि सुश्रुत मुलीचा बाप! वाकवतो बघ त्याला, असा वाकवतो की त्याला स्वतःच्या गुडघ्यांची ओळख पटेल!"

आश्लेषा कोथिंबीर निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "अहो, त्या दिवशी माझे बाबा सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसले. पातेल्यात नुसती खरवड उरली होती. तुम्हाला आठवतं?"

"नाही बुवा."

"मला आठवतं," ती म्हणाली, आणि कोथिंबिरीची काडी कटकन मोडली. आता शहाण्या माणसानं त्या आवाजावरून काही ओळखलं असतं की नाही? पण सुडाला निघालेल्या माणसाला कान असतात का?

कार्डशीट आणलं. मास्तरी अक्षरात, लाल शाईनं अधोरेखित करून, देवदत्तनं नियम लिहिले. वरपित्याचे अकरा नियम! मुलीच्या बापाने वरपित्याचे पाय कोमट पाण्याने धुवावेत. वरपित्याने किमान तीनदा रुसावे. मुलीच्या बापाने प्रत्येक वेळी रुसवा काढावा. वरपित्याला जे खावेसे वाटेल ते पुरवावे. मुलीच्या बापाने प्रत्येक पदार्थाचा हात जोडून आग्रह करावा. आग्रह झाल्यास नाही म्हणता येणार नाही. मुलीच्या बापाने सर्वांच्या शेवटी जेवावे, आणि उरेल ते जेवावे. अकरावा नियम माहीत आहे? थीम म्हणजे थीम! चिठ्ठ्याबिठ्ठ्या काही नाहीत, यजमान सांगेल तेच सोंग.

आता लग्न म्हटलं की नवरानवरी हवीत. देवदत्तनं इकडे तिकडे बघितलं, तर तरुण माणसं दोनच. सुश्रुतचा मुलगा ओंकार, पनवेलला नोकरीला, तो रविवारी येणारच होता, आणि देवदत्तची स्वतःची मुलगी अनुया, तीही पनवेललाच नोकरीला, तीही येणारच होती. "झालं! ओंकार नवरा, अनुया नवरी!" असं म्हणून हा मोकळा. दोघंही पनवेलला, दोघंही त्याच रविवारी, दोघंही एकाच गाडीनं... तुमच्या लक्षात आलं? आलं ना? अख्ख्या किहीमच्या लक्षात आलं होतं, नारळ उतरवणाऱ्या महादेवच्या तर माडावर बसल्या बसल्या लक्षात आलं होतं. देवदत्तच्या नाही आलं!

रविवारी दुपारी वाडीत पंगत मांडली. पाट, केळीची पानं, पानांभोवती रांगोळी, स्वयंपाकाची मनुबाई पहाटेपासून चुलीपाशी, मसालेभात, अळूची भाजी, वालाचं बिरडं, जिलब्यांचे डोंगर. हर्षद उपरणं पांघरून भटजी झाला, त्याला मंत्र एकही येत नाही, तो कर्जाचे नियम सुरात म्हणत होता. आणि सुश्रुत आला. तुम्हाला वाटलं चिडेल? कुरकुरेल? छे! डोक्यावर टोपी, हात आधीच जोडलेले, चेहऱ्यावर असं हसू की जणू आज कुणाची तरी अक्कलदाढ निघणार आहे! भिंतीवरचे नियम त्यानं पहिल्यापासून अकराव्यापर्यंत वाचले, आणि परत एकदा वाचले.

"अक्षर काय सुंदर रे तुझं, देवा."

"देवा नाही! व्याहीबुवा म्हण!"

"चुकलो, व्याहीबुवा."

आणि सुरू! पाय धुतले, तर पाणी फार गरम. परत धुतले, तर फार गार. देवदत्त पहिल्यांदा रुसला, आंब्याखाली जाऊन बसला. सुश्रुत मागोमाग, हात जोडून, "व्याहीबुवा, चूक पदरात घ्या." शहाळं हवं, पण कोपऱ्यातल्या माडाचंच हवं, महादेव चढला, उतरला, ते शहाळं तोंडाला लावून देवदत्त म्हणाला, "पाणचट!" आणि दुसऱ्यांदा रुसला. मनुबाई पदरानं घाम पुसत ओरडली, "सर, तुमचं रुसून झालं आसंल तर बसा की पानावर, भात गार पडला! माझ्या लग्नात माझा सासरा येवढा रुसला न्हाय, आनि त्याला तर खरंच काय भेटलं नव्हतं!"

बसला. समोर सुश्रुत वाकलेला, कंबर धरून वाकलेला, आणि देवदत्तच्या मनात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा हळूहळू वितळायला लागलेला, अहाहा, काय सुख, सुडाला जिलबीची चव असते हे त्याला त्या दिवशी कळलं. पहिली जिलबी संपली, दुसरी संपली. पोट भरलं. आणि तेव्हा सुश्रुतनं ताट उचललं.

"व्याहीबुवा, एक घ्या."

"नको."

"नको?" सुश्रुतनं भिंतीकडे बोट केलं. "नियम सहावा."

तुम्हाला सांगतो, माणूस सूड घेताना अर्धंच बघतो! देवदत्तनं आग्रहातले जोडलेले हात बघितले, पण जोडलेल्या हातांत जिलबी असते आणि ती कुणाला तरी खावी लागते, हे बघितलंच नाही! खाल्ली. परत हात जोडले. खाल्ली. आणि हा आग्रह करणारा कोण? दातांचा डॉक्टर! लोकांची तोंडं उघडण्यात हयात गेलेली! "आ करा, व्याहीबुवा. मोठा आ. अजून मोठा. जरा डावीकडे जागा दिसतेय. आता चावा. दुखतंय? थोडंसंच दुखेल." नऊ जिलब्या! अकरा! तेरा! मठ्ठ्याचे सात पेले! रुसून उठावं म्हटलं, तर तिसरा रुसवा शिल्लक होता, पण उठता येईना! पाटाला चिकटलेला माणूस रुसणार कसा?

"सुश्रुत, मरेन रे," देवदत्त पुटपुटला.

सुश्रुत कानाशी वाकला. "थीम म्हणजे थीम."

आणि तेवढ्यात हर्षद भटजी सुरात ओरडला, "आता नवरानवरीनं घास भरवावा!" ओंकारनं जिलबीचा तुकडा अनुयाच्या तोंडात दिला, अनुयानं ओंकारच्या दिला, आणि ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. म्हणजे हे... आमचं सोंग नाहीये."

"काय सोंग नाहीये?" जिलबीनं भरलेल्या तोंडातून एवढंच निघालं.

"दोन वर्षं झाली, काका," ओंकार म्हणाला, आणि जीभ चावून म्हणाला, "म्हणजे, बाबा."

परत माडावर चढलेला महादेव अर्ध्यातच थांबला. मनुबाईचा डाव हवेत. देवदत्तच्या डोक्यात सगळा नकाशा हळूहळू फिरायला लागला, भूगोलाचा मास्तर ना, उत्तर कुठे दक्षिण कुठे बघायची सवय. अनुया आपली मुलगी. ओंकार सुश्रुतचा मुलगा. म्हणजे वरपिता... म्हणजे मुलीचा बाप... आणि त्यानं मान वळवून बघितलं, तर सुश्रुत सरळ उभा राहिला होता! दिवसभरात पहिल्यांदा सरळ! टोपी त्यानं काढली, देवदत्तच्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली, मग भिंतीपाशी गेला, कार्डशीटच्या चारही टाचण्या हळूच काढल्या, गुंडाळी केली आणि काखेत मारली.

"तुला माहीत होतं!" देवदत्त म्हणाला.

"महिनाभर," सुश्रुत म्हणाला. "आश्लेषा वहिनींनीच सांगितलं."

बोलणी करायला सुश्रुत पुढच्या रविवारी आला, सहकुटुंब. आल्या आल्या आंब्याखाली जाऊन बसला. पाय धुतले, पाणी गार. शहाळं पाणचट. आणि वरपित्याला काय खावंसं वाटलं? कोळंबीचा पुलाव! थळच्या बाजारातून देवदत्तनं स्वतः आणली, एकेक कोळंबी बोटाएवढी, स्वतः सोलली, काय सुवास सुटला म्हणता! मनात हिशोब काय, की शेवटी का होईना, आपल्या घरचं पातेलं, आपली कोळंबी, उरून उरून चार तरी उरतील! डोक्यावर तीच टोपी, सगळ्यांना वाढलं, हात जोडले, आग्रह केला, आणि मंडळी सुपारी कातरायला बाहेर ओट्यावर गेल्यावर हा घाईघाईनं स्वयंपाकघरात पाटावर बसला, तर पातेलं घासायला पडलेलं!

"मनुबाई, पुलाव?"

"न्हाय उरला, सर. वैनींनी सोत्ता उभं ऱ्हाऊन समदा व्याह्यांच्या पानात वाढला. चार वेळा. ते नको नको म्हनत व्हते."

मग आश्लेषा आली. तिनं त्याच्यापुढे ताटली ठेवली. ताटलीत डाळ, आणि बाजूला अर्धा पाव. देवदत्तनं डाळीत डोकावलं. वर छतावरचा पंखा दिसला, आणि पंख्याशेजारी भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो, अल्बममधला तोच, आता फ्रेम करून लावलेला, टोपीवाला, हात जोडलेला, आणि खोटं सांगत नाही, डाळीतल्या फोटोत म्हातारा हसत होता!

"आश्लेषा," तो म्हणाला, "एक कोळंबी तरी ठेवायचीस गं."

आश्लेषानं पदर खोचला, ओट्यावर व्याह्यांना विडा द्यायला निघाली, दारात थांबली. काही बोलणार, तेवढ्यात देवदत्तनंच हात वर केला, डोक्यावरची टोपी सारखी केली, आणि पाव डाळीत बुडवला.

"राहू दे. माहीत आहे मला."